निघतानाची हाक

दुपार झाली तरी मला चटईवरून उठवेना. ताप नाही, डोकंदुखी नाही. धुणं पिळून टाकावं तशी नुसती पडले होते.

आदल्या रात्री समोरच्या इसिंगताईकडे तिच्या लेकीच्या लग्नाची पार्टी होती. पहाटेपर्यंत मी हसले, नाचले, गाण्याचा माइक कुणाला दिला नाही.

आई भाताची पेज घेऊन आली. माझा चेहरा बघून तिनं वाडगा खाली ठेवला.

"नेनिता, निघताना स्वतःला हाक मारलीस का?"

आमच्या इलोकोस भागात कुठूनही निघताना म्हणायचं असतं, 'चला, कुणी मागे राहू नका.' नाहीतर आपला आत्मा तिथंच रमतो आणि नुसतं शरीर घरी येतं. तान्ह्या पोरालासुद्धा नावानं हाक मारूनच उचलतात. कालच्या गोंगाटात मी विसरले होते.

"एवढी घोडी झालीस, तरी मीच आणायचं तुला!" पुटपुटत आई रस्ता ओलांडून गेली.

खिडकीतून तिची हाक ऐकू आली. "चल गं नेनिता, घरी चल!"

"थांब ना आई, एकच गाणं!"

तो माझा आवाज होता.

मी ओरडायला गेले, तर नुसता श्वास बाहेर पडला.

मग आई कुणालातरी रागावत परत येऊ लागली. पावलं दोघींची होती. दारात ती थबकली.

"अगं, ही कोण झोपलीय तुझ्या चटईवर?"

तिच्या मागून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "कालच्या पाहुण्यांतली कुणीतरी मागे राहिलीय. हाक मारायला कुणी नसेल गं, बिचारीला."