ईसातचा जोइक

या, जवळ बसा, एका आईची गोष्ट सांगतो. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कौतोकेइनो गावच्या राव्नाचा मुलगा ईसात गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला. तिथे प्रत्येक माणसाचा स्वतःचा जोइक, म्हणजे त्याच्या एकट्याचा गायचा सूर, असतो. तो गायला की गेलेला माणूसही शेजारी येऊन बसतो. राव्नाची भाची मारेत विद्यापीठाचे ऑनलाइन वर्ग तयार करत होती. "मावशी, अख्खा ठेवीन, शपथ!" म्हणत तिने ईसातचा जोइक रेकॉर्ड करून नेला.

वसंतात तिने कौतुकाने वर्ग उघडून दाखवला. "बघ, आपल्या पोरांना परकं वाटू नये म्हणून!" उत्तर बरोबर आलं की ईसातच्या जोइकचे पहिले दोन सूर वाजत आणि थांबत.

राव्ना म्हणाली, "अगं, माझ्या लेकराला दारापर्यंत बोलावून किती वेळा हाकलशील?"

ईसातची आठवण ठेवा, बाबांनो. आणि त्याचा जोइक मध्येच तोडू नका.