डावीकडून जा

आमच्या घराच्या फाटकासमोर गटाराच्या झाकण नसलेल्या चेंबरमध्ये पडून माझा पाय कायमचा अधू झाला. दावा मी जिंकलो, पण पालिकेनं अपील केलं आणि कोर्टानं हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून चेंबर जसंच्या तसं ठेवायचं. म्हणजे झाकण नाही, कठडा नाही, साधा दगडही आडवा ठेवायचा नाही.

तेव्हापासून सहा वर्षं मी रोज दिवसभर फाटकाशी स्टूल टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "डावीकडून जा, पुढं चेंबर उघडं आहे." बायको म्हणते, "जागचं हलायचं नाही हा हुकूम चेंबरला झालाय की तुम्हाला?"

काल वकिलांनी पालिकेचं म्हणणं वाचून दाखवलं. "सहा वर्षांत सदर चेंबरमध्ये दुसरं कोणीही पडलेलं नाही. सबब ते धोकादायक नाही, चूक दावेदाराचीच आहे."

"अहो, मी तिथं बसतो म्हणून कोणी पडत नाही."

"ते सिद्ध कसं करणार?" वकिलांनी चष्मा पुसला. "उद्या त्यांचा इंजिनिअर पाहणीला येतोय. एक दिवस नाही बसलात तर काही बिघडतं का? म्हणजे, मी काही सांगत नाही हं."

आज सकाळी मी स्टूल बाहेर नेलंच नाही, पडद्याआडून बघत बसलो.

इंजिनिअर फायलीत डोकं खुपसून सरळ चालत आला आणि चेंबर दोन पावलांवर असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, डावीकडून."