आधी मौन, मग वाचन

जखमा चटकन सांधणारा नवा डोस संस्थेतल्या झाडून सगळ्यांनी अकरा वाजता घेतला आणि बाराला डॉ. उपासनींची शोकसभा सुरू झाली. हात जोडताना मध्ये पोस्टकार्ड धरा, असं शिपाई दारातच बजावत होता. नाहीतर तळवे एकमेकांत रुजले असते. समितीनं सगळा विचार केला होता.

उपासनींच्या पत्नी इंदुमतीबाईंनी पर्समधून बंद पाकीट काढलं. "डोसबद्दल शेवटी लिहिलंय त्यांनी. सगळ्यांसमोर वाच म्हणाले होते. आधी वाचू का?"

"वहिनी, आधी मौन, मग वाचन. पद्धत आहे," संचालक बर्वे म्हणाले. "आणि उपासनी म्हणजे दोन मिनिटांत उरकायचा माणूस नव्हे. पाच मिनिटं पाळू."

सगळे डोळे मिटून उभे राहिले. तासभर अखंड बडबडणारी मंडळी गप्प झाल्यावर बाईंना बरंच वाटलं. डोस न घेतलेल्या तिथे त्या एकट्याच होत्या.

पाच मिनिटं झाली, सात झाली. कोणी "बसा" म्हणेना. शेवटी बाईंनीच पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली.

"पेशीवरचं प्रथिन शेजारच्या पेशीला नुसतं धरत नाही. 'ही आपलीच, सांधून घे,' असा निरोप ते आत पाठवतं. नव्या डोसनंतर त्याला तीन मिनिटं पुरतात. तळव्यांचं सोडा, ओठ आणि पापण्या मिटून ठेवू नका."

बाईंनी मान वर केली. चाळीस माणसं पोस्टकार्डं धरून, डोळे मिटून तशीच उभी होती. बर्वे नाकातून काहीतरी म्हणत होते. बहुधा आभार.