शेवटच्या रांगेतले सर

टॉयलेटचं दार आतून बंद होतं आणि फटीतून सिगारेटचा वास येत होता.

“सर, सिगारेट विझवा आणि बाहेर या,” पर्सर म्हणाली. विमानातल्या कर्मचाऱ्यांची ती प्रमुख. हाताखालचे सगळे तिला ताई म्हणत.

आतून आधी खोकला ऐकू आला, मग शिवी.

“बाहेरून उघडू का?” लंबूने विचारलं. मागच्या भागाची जबाबदारी त्याच्याकडे होती. विमानाच्या छताला डोकं लागायचं म्हणून त्याचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं.

“थांब जरा. स्वतःहून येतील.” तिने पुन्हा दार वाजवलं. “सर, धुराचा अलार्म वाजलाय. कॅप्टनना कळलंय. आता आत बसून काही उपयोग नाही.”

कडी सरकली. साठी ओलांडलेला, दाढीचे खुंट वाढलेला एक माणूस चौकट धरून उभा होता. कोटाच्या खिशातून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं.

“माणसाने दोन झुरके मारायचे नाहीत का?”

“विमानात नाही, सर. सिगारेट कुठे टाकलीत?”

“गिळली.”

लंबूला हसू फुटलं. ती हसली नाही. आत शिरून तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. हात पुसायच्या कागदांच्या ढिगातून धुराची बारीक रेघ वर येत होती, आणि एका कागदाची कड लाल झाली होती. तिने पाण्याचा अख्खा जग त्यात रिकामा केला. चर्र आवाज झाला. लंबूचं हसू जागच्या जागी विरलं.

“सगळ्यांचा कोळसा झाला असता,” तो पुटपुटला.

“बाटली द्या, सर,” ती म्हणाली. तिचा आवाज अजूनही चहा हवा की कॉफी विचारावं तसा होता.

“माझी आहे ती.”

“आपण स्वतःची दारू विमानात पिऊ शकत नाही. उतरल्यावर परत मिळेल.”

“मोठ्या माणसाशी असं बोलतात? आईबापांनी वळण लावलं नाही वाटतं.”

“आईने लावलंय, सर. बाटली.”

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, नजर खाली वळवली आणि तिला खांद्याने ढकलून तो दोन्हीकडच्या सीटांमधल्या वाटेत घुसला.

तिथे एक तरुण बाप रडणाऱ्या तान्ह्या लेकीला छातीशी धरून फेऱ्या मारत होता. “बाजूला हो!” म्हातारा ओरडला आणि त्याने त्याला ढकललंच. बापाचा तोल गेला. पाठ सीटच्या हातावर आदळली; पोरीचं डोकं त्याने कसंबसं तळहाताने वाचवलं. तिने टाहो फोडला. माणसं उठून उभी राहिली. कुणी ओरडत होतं, कुणी मोबाइल काढून चित्रण करत होतं.

लंबू धावला. ती मागून म्हणाली, “डावीकडून जा. उजवा हात सांभाळ.”

आणि ती स्वतः म्हाताऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “सर, बसा.”

बाटलीसकट त्याचा उजवा हात वर गेला. पण हात उठायच्या आधीच ती खाली वाकली होती. बाटली सामानाच्या कप्प्यावर आपटून फुटली. लंबूने मनगट पकडलं, दोन प्रवासी मदतीला आले, आणि झटापटीनंतर म्हातारा शेवटच्या रांगेत, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला, धापा टाकत बसला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती काचा गोळा करत असताना एक बाई तिला म्हणाल्या, “असल्या माणसाला घरचे कसे सहन करत असतील?”

“पाय वर घ्या, मॅडम. काच लागेल,” ती म्हणाली.

कॅप्टनने फोनवर विचारलं, “खाली पोलीस बोलावतोय. तक्रार देणार, की समज देऊन सोडायचं?”

तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

“देणार. तान्हं मूल थोडक्यात वाचलंय.”

विमान उतरायला लागलं. आता तो शांत होता. तिने पट्ट्यांखाली बोट घालून पाहिलं, एक पट्टी किंचित सैल केली. पाण्याचा ग्लास त्याच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवर ओघळलं, तेही तिने टिपलं.

“एवढं कशाला, ताई?” लंबू चिडून म्हणाला. “तुझ्या डोक्यात बाटली घालत होता तो!”

“बांधलेल्या माणसाची काळजी आपल्यावर असते. शिकवलंय ना तुला?”

प्रवासी उतरले. लेकीला घेतलेला बाप जाताना शेवटच्या रांगेशी थांबला आणि लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघून गेला. म्हातारा मान खाली घालून बसला होता.

पोलीस अधिकारी आत आला. तिने सगळं क्रमाने सांगितलं: सिगारेट, डब्यातली आग, धक्का, बाटली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तक्रारीवर सही केली.

“आता रात्र कोठडीतच काढावी लागेल,” अधिकारी म्हाताऱ्याला म्हणाला. “घरी कळवायला हवं. कोण आहे तुमचं?”

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. नशा बरीच उतरली होती.

“कुणी नाही.”

“बायको, मुलं?”

“कुणी नाही म्हणतोय ना, साहेब. चला. ह्या बाईंना उगाच खोळंबून ठेवू नका, त्यांना बाकीची कामं असतील.”

अधिकाऱ्याने खांदे उडवले आणि त्याला दंडाला धरून उठवलं. लंबू वाटेतून बाजूला झाला. ती झाली नाही.

“माझा नंबर घ्या,” ती म्हणाली. “बाबा आहेत माझे.”