दुप्पट माल

"सगुणाबाई, आजपासून तुम्हाला दुप्पट माल उधार," मोतीसेठ गादीवरूनच म्हणाले. "एवढा भरवसा मी माझ्या साडूवरही ठेवत नाही."

दुकानातली माणसं हसली. सगुणाबाईही हसली. गाठोडं डोक्यावर घेऊन अंबडकडच्या खेड्यांत लुगडी विकणाऱ्या बाईला जालन्याच्या कापडबाजारात असं आपणहून कोण म्हणतं?

"अंबडला स्टँडजवळ गाळा घ्या. भरून मी देतो. पायपीट बंद करा आता, गुडघे बघा जरा."

गुडघे ठणकतच होते. सकाळी कंडक्टरनं हात दिला तेव्हा कुठं ती एसटीत चढली होती. गाळा तर तिनं कधीचाच हेरून ठेवला होता. सावलीचा, पुढं ओटा असलेला. आपण बसायचं, गिऱ्हाइकानं यायचं.

"आन् पैसे कसे द्यायचे, सेठ?"

"आजवर जमेल तसे आणलेत. आता माल दुप्पट, तर दर एक तारखेला हप्ता. बराबर एक तारखेला."

हिरव्या लुगड्याची घडी उलगडता उलगडता सगुणाबाईचा हात थांबला. तिनं घडी परत घातली.

"मंग ऱ्हाऊ द्या."

"का हो?"

"माझ्या बाया कापूस वेचायला लागल्या की पैसे देतात. अंतरवालीच्या गोजरबाईनं पंचमीला लुगडं नेलं, अजून रुपया न्हाई. परवा गेल्ते तिच्याकडं. तिनं चहा केला, तेल लावून गुडघे चोळून दिले. तुमची एक तारीख माझ्या मागं लागली, की मी तिच्या मागं लागणार. मंग मला बघून ती दार लावून घेईल."

"अहो, धंदा आहे हा!"

"धंदाच करते, सेठ. पर उन्हाचं टेकायला ओसरी लागतेच की."

तिनं नेहमीएवढीच लुगडी काढून घेतली, गाठोडं आवळलं आणि डोक्यावर चुंबळ ठेवून उचलायला वाकली.

कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी मोतीसेठ गादी सोडत नसत. ते उठले. धोतराचा सोगा खोचून खाली आले आणि तिला गाठोडं उचलू लागले. चुंबळीवर ते नीट बसेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.