भरवशाचं माणूस

धरणाच्या काठावर सोहेलची गाडी आणि चपला सापडल्या, पण पाण्यात कितीही शोधलं तरी तो काही सापडला नाही. शेवटी तो गेला असं मानून वसमतला घरच्यांनी त्याच्या नावानं फातेहा दिली.

लहानगी अलमास मात्र "अब्बूचा व्हिडिओ लाव" म्हणून रोज रडायची. ते व्हिडिओ इंटरनेटवर होते, आणि सगळे पासवर्ड सोहेलनं एका वेबसाइटवर कुलूपबंद ठेवलेले. त्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवर उघडा नाही तर मोबाइलवर, त्या कुलपाचा मोठा पासवर्ड एकच, आणि तो एकट्या सोहेललाच ठाऊक.

लग्न नवं होतं तेव्हा त्यानंच तिथं भरवशाचं माणूस म्हणून बायकोचं, सबीहाचं, नाव घातलं होतं. "मला काही झालं तर तू नुसतं मागायचं," तो म्हणाला होता. "आठवडाभरात मी मोठा पासवर्ड टाकून नकार दिला न्हाई, तर सगळं तुला उघडतंय."

सबीहानं दुकानातून विनंती पाठवली. आठवडाभर थांबायचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. सासू जैनबबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "काहून रडून राहिली बेटी? थांब थोडं. न्हाई म्हणायला तो हाय कुठं आता?"

दुसऱ्याच दिवशी मोबाइल वाजला. इतक्या लवकर उघडलं असं वाटून सबीहानं घाईघाईनं अलमासला मांडीवर घेतलं आणि वाचलं.


"सोहेल यांनी तुमची विनंती नाकारली आहे."