जुन्या वर्तमानपत्रातली शाल

यंदा नाताळात चकचकीत कागद बंद, असं भाषण मी कैरोतल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ठोकलं आणि भेटवस्तू जुन्या वर्तमानपत्रांत बांधल्या. कपाटावर गठ्ठा पडलेलाच होता.

अफाफमावशीने शाल बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि कागदच वाचायला घेतला. वहीबमामाची निधनवार्ता. मीच लिहून दिलेली. वकील जावयापासून कॅनडातल्या पुतण्यापर्यंत अख्खं गोत हुद्द्यांसकट त्यात होतं, फक्त मामाची सख्खी बहीण, म्हणजे ही मावशी, राहून गेली होती. तेव्हा मी घरातले सगळे अंक कपाटावर लपवले आणि तिला सांगितलं, "पहिलं नाव तुझंच आहे."

मावशीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"गिरगिस, बाळा, माझं नाव कुठल्या घडीत गेलं रे?"